पणजीचं माहेर: शोधाच्या नोंदी

आधीच सांगतो, घरातल्या माणसांची आडनावं आणि दोन्ही गावांची नावं मुद्दाम गाळली आहेत. चुलत्यांचा जमिनीचा दावा कोर्टात आहे आणि 'वंशावळ' असा शब्द नुसता काढला तरी भावकीला वाटतं, हा वाटणी मागायला आला. आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. मी सांगलीत राहतो. २०१६ साली मोडीचा तीन महिन्यांचा वर्ग केला होता. तारखा आणि नावं वाचता येतात, पत्रं येत नाहीत.

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

आत्याकडं जेवण. जेवताना लीड्सच्या चुलतबहिणीचा व्हिडिओ कॉल. तिच्या शेजारणीनं स्वतःचा पणजोबा १९२१ च्या जनगणनेत शोधून काढला. घराचा पत्ता, धंदा, पोरांची वयं, सगळं एका कागदावर. त्याच्या मागची माणसं चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत. तिकडं त्या १५३८ पासून ठेवायला लागले. बहीण म्हणाली, "दादा, आपलं पण काढ की."

आपलं तयार आहे असा माझा समज होता. दाव्यासाठी वकिलानं सात पिढ्यांची वंशावळ करून घेतलीय. ती आत्यापुढं ठेवली. तिनं चष्मा लावून वरपासून खालपर्यंत पाहिली आणि विचारलं, "ह्यात माझी आजी कुठंय?" नव्हती. सात पिढ्यांत एकही बाई नाही.

आत्याला तिच्या आजीचं, म्हणजे माझ्या पणजीचं, सासरचं नाव माहीत आहे, लक्ष्मी. लग्नात परातीतल्या तांदळावर नवं नाव लिहिलं की जुनं मागं पडतं, ते कुणाला माहीत नाही. माहेरही माहीत नाही. ती १९५७ साली वारली तेव्हा आत्या तेरा वर्षांची. आत्याची आठवण म्हणजे मुख्यतः तक्रार: आजी तिला कधी नावानं हाक मारायची नाही, "ठके" म्हणायची. शिंकाळ्यातला गूळ चोरायची म्हणून ठक. ऐंशीव्या वर्षीही हा राग ताजा आहे.

ठरलं, पणजीचं माहेर काढायचं. मी दोन महिने म्हणालो.

९ नोव्हेंबर

दोन संध्याकाळी घालवून जनगणनेचा नाद सोडला. आपल्याकडं १८७२ ला पहिली झाली, १८८१ पासून दर दहा वर्षांनी. पण घरोघरचे जुने तक्ते पाहायला मिळत नाहीत. मिळतात ते गोळाबेरीज आकडे. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ सांगतं की या नोंदी कुणाला पाहता येणार नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालणार नाहीत. आमच्या गावात अमुक साली इतकी डोकी होती एवढं कळलं. त्यातलं एक डोकं पणजीचं.

चर्चच्या वह्यांचा आम्हाला उपयोग नाही. मात्र ज्यांची घरं मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या मिशनशी जोडलेली आहेत, त्यांनी तिथूनच सुरुवात करावी. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचं नाव असतं. ही केवढी चैन आहे ते पुढं कळलं.

१८ नोव्हेंबर

तालुक्याला गेलो. परवा विधानसभेचं मतदान, सगळी कचेरी निवडणुकीच्या कामाला. पेपर वाचतो, तरी डोक्यात आलं नाही. पेट्रोल आणि चहा मिळून २८० रुपये, रजा एक.

२ डिसेंबर

कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे गावकामगारांनी लिहून तालुक्याला पाठवायचं. मराठा-कुणबी दाखल्यांसाठी नेमलेल्या शिंदे समितीनं २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला लावल्यामुळे ही पुस्तकं गठ्ठ्यांतून बाहेर निघाली, नाहीतर माझ्यासारख्याला कुणी उभं केलं नसतं. आजही माझ्या पुढं नऊ जण होते आणि सगळे जातीच्या रकान्यासाठी आलेले. मी पणजीच्या माहेरासाठी आलोय म्हटल्यावर कारकून हसला, पण गठ्ठा दिला.

माझा बेत सरळ होता. आजोबा हे पणजीचं पहिलं अपत्य. त्यांची जन्मनोंद काढायची, त्यावरून लग्नाचा काळ, तिथून पुढं माहेर. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९१४.

अर्धा दिवस आजोबांचं नाव शोधत बसलो. मग उजेड पडला की जन्माच्या नोंदीत मुलाचं नावच नसतं. बारसं बाराव्या दिवशी, नोंद त्याच्या आधी. रकान्यात फक्त 'पुरुष' किंवा 'स्त्री', मग बापाचं नाव. म्हणजे 'अमुक बिन तमुक' शोधायचा; बिन म्हणजे मुलगा, आणि बाईच्या मृत्यूच्या नोंदीत कोम म्हणजे बायको. मग पुन्हा पहिल्या पानापासून. १९१३, १४, १५. आमचा पणजोबा कुठंही नाही.

१६ डिसेंबर

१ जून ही शाळेची तारीख, जन्माची नव्हे, हे कुठल्याही मास्तरानं सांगितलं असतं. नाव घालताना पोराचा हात डोक्यावरून दुसऱ्या कानाला लागतो का बघायचं आणि १ जून टाकायचं. आमच्या पिढीतसुद्धा निम्म्या वर्गाचा वाढदिवस त्याच दिवशी होता. म्हणून आज १९१० ते १९१८ मागवलं.

आजोबांनंतरच्या दोन भावंडांच्या नोंदी सापडल्या, १९१५ नंतरच्या. आजोबा नाहीत.

१९१८ चं पुस्तक मात्र वाचत राहिलो, कामाचं नसताना. ऑक्टोबरपर्यंत मृत्यूचं एक पान महिनाभर पुरतंय. मग 'ताप', 'ताप', 'ताप', एका दिवसात पाच-सहा, एकाच घरातले तीन. इन्फ्लुएंझाची साथ. मध्येच अक्षर बदलतं, लिहिणारा दुसरा. पहिल्याचं काय झालं ते पुस्तकात दिसलं नाही, मी पाहायचंही टाळलं. त्या दिवशी दुपारनंतर काही काम झालं नाही.

५ जानेवारी २०२५

गावच्या घरातली लोखंडी ट्रंक. ऑगस्ट २०१९ च्या पुरात ती दोन दिवस पाण्याखाली होती. त्यानंतर कुणीतरी कागद न काढता तिला उन्हात वाळवलं, त्यामुळे आतला गठ्ठा पापडासारखा एकजीव झालेला.

चूक माझी. पहिले तीन कागद नखानं सोडवायला गेलो आणि एकाचे दोन तुकडे केले. मग चुलतभाऊ म्हणाला इस्त्रीची वाफ द्या. वाफेनं शाई पसरली, तो कागद कायमचा गेला. त्यानंतर मोडीच्या वर्गातल्या गुरुजींना फोन केला. त्यांनी आधी शिव्या घातल्या, मग रीत सांगितली: गठ्ठा बंद डब्यात ओलसर फडक्याच्या शेजारी ठेवायचा, फडकं कागदाला लावायचं नाही, रात्रभरात कागद नरम पडतो, मग प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीनं कडेपासून एकेक सोडवायचा, टीपकागदात घालायचा, वर पाटी ठेवायची, पंखा लांबून. पोळ्यांचा डबा वापरला म्हणून घरात बोलणी खाल्ली. चार दिवसांत एकोणीस कागद सुटले. बहुतेक सारापावत्या. एक लांबडा कागद वेगळा, खर्चाच्या यादीसारखा.

बुरशीचा वास श्वासाबरोबर आत जातो. तोंडाला फडकं बांधा. मला आठवडाभर खोकला होता.

१४ जानेवारी, संक्रांत

मोडी वाचक गाठला. पानाला ३०० रुपये. कुणबी नोंदींमुळे सध्या त्यांची सुगी आहे, आणि असू दे; इतकी वर्षं त्यांना कुणी विचारत नव्हतं.

लांबड्या कागदावर पणजोबांच्या हातची यादी: लुगडं, खण, अंगडं-टोपडं, नारळ, गूळ, गाडीभाडं. वर साल, फसली १३२२; फसली म्हणजे जुनं महसुली साल. वाचकानं सगळं वाचून लिहून दिलं. मी घरी येऊन साल काढायला बसलो. इंटरनेटवर फसलीत ५९२ किंवा ५९३ मिळवा असं सापडलं. १३२२ अधिक ५९२ म्हणजे १९१४. शाळेच्या दाखल्याशी तंतोतंत! इतका आनंद झाला की तिळगूळ वाटायचा विसरलो.

२० आणि २७ जानेवारी

त्या आनंदात आणखी दोन हेलपाटे. १९१४ आणि १९१५ ची आमच्या गावची पानं पुन्हा एकेक ओळ. काही नाही. दोन रजा, ६०० रुपये.

२ फेब्रुवारी

आज दोन्ही चुका एकदम कळल्या.

पहिली: ५९२-९३ हा उत्तरेकडचा हिशेब. आपल्या दख्खनी फसलीत ५९० मिळवायचे, आणि ते साल जूनमध्ये, मृगाच्या सुमाराला बदलतं. म्हणजे १३२२ हे जून १९१२ ते जून १९१३. दाखल्याशी जुळलं म्हणून मी हिशेब तपासलाच नाही. जुळणारा आकडा न जुळणाऱ्यापेक्षा जास्त दिवस खातो.

दुसरी चूक आत्यानं दाखवली. यादी तिला वाचून दाखवत होतो. शेवटची ओळ, 'बाळंतीण आणली, गाडीभाडे दीड रुपया.' वाचकानं ती जानेवारीतच लिहून दिलेली. मी साल बघत बसलो, ओळ बघितली नाही.

आत्यानं कपाळाला हात लावला. "आरं बाबा, बाळंतीण कुठनं आणली? पयलं बाळंतपण म्हायारात हुतंय की! तू तिला सासरच्या चोपडीत कशाला हुडकाय लागलाईस?"

नऊ वर्षांची पानं मी चुकीच्या गावाची वाचली होती. घरात दोन मुलींची पहिली बाळंतपणं केली आहेत आम्ही. तरी.

म्हणजे आजोबांची नोंद माहेरच्या गावच्या कोतवाल बुकात असणार. पण माहेर कळल्याशिवाय बुक मागवता येत नाही. आत्याला म्हटलं, काहीही आठव. ती जात्यावरच्या ओव्यांची सुरुवात गुणगुणत राहिली, शब्द अर्धवट. आजीच्या ओवीत भाऊ न्यायला येतो तो येरळेच्या वाळूतून चालत. आम्ही कृष्णाकाठची माणसं; आमच्या नदीत वाळूतून कुणी चालत येत नाही. येरळा मात्र उन्हाळ्यात नुसती वाळूच. हा पहिला धागा, पण केवढा लांब: खटावच्या डोंगरातून निघून वडूजवरून खाली उतरते ती ब्रह्मनाळला कृष्णेला मिळेपर्यंत. दोन जिल्हे.

२३ फेब्रुवारी, नाशिक

पणजोबा १९३१ साली वारले. अस्थी आजोबांनी नाशिकला नेल्या एवढं घरात माहीत होतं. रामकुंडावर गाव आणि आडनाव सांगत गेलो, तिसऱ्या माणसानं आमच्या गावचे उपाध्ये दाखवले. त्यांनी घरातून वही आणली, अर्ध्या तासात पान काढलं. सरकारी कचेरीत तीन महिन्यांत जे झालं नाही ते. (गावाचं जुनं नाव आणि जुना तालुका, जिल्हा सातारा, असं सांगा. मी आधी 'जिल्हा सांगली' म्हणत होतो. आमचे तालुके १९४९ मध्ये दक्षिण साताऱ्यात गेले, त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. १९३१ च्या वहीत सांगली जिल्हा कुठून असणार?)

आजोबांची मोडीतली सही होती, थरथरती. त्यांची सही मी आजवर फक्त सोसायटीच्या कागदावर पाहिलेली. श्राद्धात आईकडच्या पुरुषांचीही नावं घ्यावी लागतात, त्यामुळे उपाध्यांनी आईचे वडील लिहून ठेवले होते: नाव आणि आडनाव. पुढं 'मौजे' आणि त्यापुढं कसरीनं खाल्लेलं भोक. गावाचं शेवटचं अक्षर 'ण' किंवा 'णी'.

प्रवास आणि दक्षिणा मिळून ३,१०० रुपये. या कामातला सगळ्यात मोठा खर्च, आणि एकही रुपया वाया नाही.

९ मार्च

हेळवी. इकडच्या लोकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी: सांगली, सातारा, कोल्हापूर आणि कर्नाटकाच्या सीमेवरच्या गावांत हे लोक पिढीजात वंशावळी सांभाळतात, सुगीनंतर येतात, वही उघडून तुमच्या घराची सगळी माणसं म्हणून दाखवतात आणि धान्य, पैसे घेऊन जातात. पूर्वी बैलावरून यायचे. आमचे मोटारसायकलवरून आले, वही प्लॅस्टिकच्या पोत्यात. लहानपणी त्यांना पाहून आम्ही हसायचो.

आमच्या घराच्या वहीत पणजीचं नाव 'लक्ष्मी' एवढंच. पण नाशिकला सापडलेलं तिच्या वडलांचं आडनाव ऐकल्यावर त्यांनी लगेच सांगितलं, ही घरं येरळेकाठी तीन गावांत, आणि ती त्यांच्या चुलतभावाच्या वाट्याला आहेत. घरं त्यांच्यात भावाभावांत वाटलेली असतात. फोन लावून दिला. चुलतभाऊ कन्नड मुलखात फिरतीवर, पाडव्यानंतर येतो म्हणाला.

फोटो काढू देत नाहीत. मी दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारायला नको होतं. वही हेच त्यांचं वतन. फोटो निघाला की पुढच्या वर्षी दारात कोण घेईल? १,१०० रुपये आणि दोन पायली शाळू.

२४ मार्च

तिन्हीपैकी दोन गावांची नावं 'णी'नं संपतात. त्यातलं एक पूर्वी संस्थानी मुलखातलं. आपल्याकडं औंध, सांगली, मिरज, जत अशा संस्थानांची गावं इंग्रजी गावांत गोधडीच्या ठिगळांसारखी शिवलेली होती आणि त्यांची दप्तरं वेगळी. ते शेवटी ठेवलं. दुसरं आज कडेगाव तालुक्यात आहे म्हणून आधी तिथं चौकशीला गेलो, तीही चूकच. कडेगाव हा नवा तालुका, खानापुरातून निघालेला. १९१२ चं पुस्तक मागायचं तर जुन्या तालुक्याच्या नावानं, म्हणजे विट्याला. एक दिवस गेला. पत्ता नेहमी नोंदीच्या काळातला विचारा; नाशिकला हेच शिकलो होतो आणि महिन्याभरात विसरलो.

विट्याला दुपारी दोन वाजता सापडलं. २३ ऑगस्ट १९१२. पुरुष. बापाच्या रकान्यात आमचा पणजोबा बिन खापरपणजोबा, राहणार आमचं गाव, हल्ली मुक्काम तिथला. शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, "सापडली काय कुणबी नोंद?" मी म्हटलं, "आजोबा सापडले."

मग हाव सुटली. पणजीचीच जन्मनोंद काढू म्हणून १८९० पासूनची जी पुस्तकं होती ती मागवली. तिच्या वडलांच्या नावापुढं तीन मुली: १८९३, १८९६, १८९९. तिन्ही ठिकाणी लिहिलंय 'स्त्री'. यातली आमची कोणती हे त्या पुस्तकातून कधीच कळणार नाही. वडील वारल्यानंतरचा फेरफारही काढला, वारस म्हणून तीन मुलगे, मुली नाहीत. तेव्हा मुलींना वाटाच नव्हता. म्हणजे जमिनीच्या कागदात ती माहेरीही नाही आणि सासरीही नाही.

आजवरचा खर्च ९,८०० रुपये, रजा अकरा. नकलांची सरकारी फी त्यात दीडशेसुद्धा नाही. बाकी सगळे हेलपाटे.

६ एप्रिल, रामनवमी

चुलतभाऊ हेळवी सकाळी सांगलीला घरीच आले. आत्याला आदल्या दिवशी आणून ठेवली होती. त्यांनी पाणी मागितलं, पाय धुतले, वहीला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणायला लागले. लय असते त्याला, अर्धं कन्नड वळणाचं मराठी. मी वही-पेन घेऊन बसलो होतो, आत्या भिंतीला टेकून डोळे मिटून.

मूळपुरुष, त्याची पोरं, त्यांची पोरं. कुणाच्या हयातीत दुष्काळ पडला, कोण घर सोडून गेलं. मग तिच्या वडलांचं नाव आलं. मुलगे तीन, नावं. मुली तीन. थोरली अमुक, दिली भाळवणीला. धाकटी अमुक, दिली तासगावला. मधली ठकू, दिली, आणि आमच्या गावाचं नाव.

मी लिहून घेतलं आणि पुढची ओळ लिहायला खाली बघितलं. आत्यानं डोळे उघडले.

"काय म्हनला? मधलीचं काय म्हनला?"

त्यांनी पुन्हा म्हटलं. ठकू.

ती बराच वेळ काही बोलली नाही. हेळवी थांबले, त्यांना सवय असावी. मग ती म्हणाली, "गुळासाठी न्हवं मग."

वकिलाच्या वंशावळीवर पणजोबांच्या शेजारी मी पेननं चौकट काढली: ठकू ऊर्फ लक्ष्मी, जन्म बहुतेक १८९६, माहेर अमुक. दाव्याची प्रत होती, त्यावर खाडाखोड चालत नाही. वकिलांकडून दुसरी घ्यावी लागेल, ५० रुपये.

जाताना आत्यानं विचारलं, त्या गावाला एसटी जाते का. विट्याहून जाते. रविवारी निघतोय.